तबकड्यांची वाटणी

वडिलांच्या पश्चात घरात जी वाटणी होते तिचा विचार आपल्या शास्त्रकारांनी फार बारकाईने केला आहे. शेत, घर, गुरे, सोनेनाणे, येणे आणि देणे यांचे हिस्से कसे पाडावे हे सांगून झाल्यावर मनुस्मृतीत अशा काही वस्तूंची यादी येते की ज्यांची वाटणी करूच नये. अंगावरची वस्त्रे, शिजलेले अन्न आणि विहिरीचे पाणी यांची त्या यादीत गणना आहे. विहिरीसंबंधी मिताक्षरेचा निर्णय असा की, भावांच्या संख्येत आणि विहिरींच्या संख्येत मेळ नसेल तर त्यांची किंमत करून ती वाटू नये. सर्वांनी पाळीपाळीने पाणी घ्यावे. आमच्या वऱ्हाडात सामाईक विहिरीवर संत्र्याच्या बागा करणाऱ्यांना हा निर्णय शिकविण्याची गरज नाही. कोणाची पाळी कोणत्या दिवशी, हे तेथे लहान मुलालाही ठाऊक असते. आणि त्या पाळीवरून होणारी भांडणेही पिढ्यान् पिढ्या चालत आलेली असतात.

हे सर्व आठवण्याचे कारण अगदी घरगुती आहे. अमरावतीहून परतवाड्याकडे जाताना पेढी नदीच्या काठी आमचे वलगाव लागते. तेथल्या आमच्या जुन्या घरात एक खोली आहे, आणि त्या खोलीत लाकडी फळ्यांवर ग्रामोफोनच्या ११२७ तबकड्या उभ्या मांडलेल्या आहेत. माझ्या वडिलांनी त्या १९५५ सालापासून पुढे तीस वर्षे जमविल्या. ते अमरावतीस एका शाळेत शिक्षक होते. दोन वर्षांपूर्वी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, ते निवर्तले. शेती थोडीच होती, तिची व्यवस्था त्यांनी हयातीतच करून ठेवली होती. भांडीकुंडी आणि दागिने यांच्याबाबत आम्हा भावंडांत एक शब्दही झाला नाही. प्रश्न उरला तो या खोलीचा.

कायद्याच्या दृष्टीने त्यात काही अवघड नाही. वडिलांनी मृत्युपत्र केले नव्हते आणि संग्रह त्यांच्या स्वकष्टार्जित पैशातून झालेला. तेव्हा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई, दादा, ताई आणि मी असे चार समान वाटेकरी. ११२७ ला चाराने भागले असता प्रत्येकी २८१ येतात आणि तीन तबकड्या उरतात. त्या तिघींवरून आमच्यात पुष्कळ विनोद झाले. परंतु दादाने त्याच सुमारास एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यास घरी आणले, तेव्हा विनोद थांबला. तो गृहस्थ दोन तास फळ्यांपुढे उकिडवा बसून होता. त्याने शंभरसव्वाशे तबकड्या बाजूस काढल्या, त्यांची बरी किंमत सांगितली, आणि उरलेल्या हजारांविषयी म्हणाला, ‘ह्या पोत्यात भरून द्या.’ त्याने बाजूस काढलेल्यांत बाबांच्या जिवाभावाच्या तबकड्या फारशा नव्हत्या. त्याची नजर लेबलाच्या रंगावर, कंपनीच्या नावावर आणि कडा अभंग आहेत की नाहीत यावर होती, गाण्यावर नव्हती. त्यास दोष देण्याचे कारण नाही. त्याने निदान आपली कसोटी स्पष्ट सांगितली होती. आमच्यापैकी कोणापाशीही कसलीच कसोटी नव्हती. कारण, सांगावयास संकोच वाटतो, त्या हजार-अकराशे तबकड्यांपैकी शंभरसुद्धा आम्ही कधी ऐकलेल्या नव्हत्या.

याचे कारण बाबांचा स्वभाव. त्या खोलीस कुलूप असे. शाळेतून आल्यावर, हातपाय धुऊन, ते एकटेच आत जाऊन बसत आणि दार लोटून घेत. आम्हा मुलांना आत येण्यास सक्त मनाई होती असेही नाही. परंतु आत गेल्यास बोलावयाचे नाही, हलावयाचे नाही, तबकडीला हात लावावयाचा नाही, आणि अमुक लावा असे म्हणावयाचे नाही, इतक्या अटी पाळून गाणे ऐकण्याची हौस कोणत्या मुलास असणार? गाण्याचा आमचा परिचय असा भिंतीपलीकडून झाला. अब्दुल करीम खाँसाहेबांचा स्वर मला अजूनही किंचित घुसमटलेला, लाकडी दारातून गाळून आल्यासारखा वाटतो. पुढे कधी उत्तम यंत्रावर तो स्वच्छ ऐकावयास मिळाला तेव्हा हे कोणी दुसरेच गात आहे असा मला भास झाला.

तबकड्या विकावयाच्या की ठेवावयाच्या याचा निकाल लागण्यापूर्वी त्या एकदा ऐकाव्या तरी, ही सूचना माझ्या मुलीची. ती अमरावतीस महाविद्यालयात शिकते आणि तिला हिशेबात गती आहे. गेल्या वर्षीच्या दिवाळीस सर्वजण वलगावी जमले होते, त्या वेळी तिने एक नियम घालून दिला. दर शनिवारी सायंकाळी जे कोणी घरी असतील त्यांनी त्या खोलीत बसावे. प्रत्येकाने आपल्या पाळीस एक तबकडी निवडावी. ती दुसऱ्यांनी पुरी ऐकून घ्यावी, आणि निवड का केली असे कोणी विचारू नये. मिताक्षरा तिने वाचलेली नाही. पण विहिरीची पाळी तिने नेमकी पकडली होती.

आता या तबकडीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण आजच्या तरुण वाचकांपैकी पुष्कळांनी ती हाती घेतली नसेल. मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेणारी ही काळी चकती लाखेपासून होई. पळस, बोर, कुसुंब अशा आपल्याच झाडांवर एक किडा जी लाख करतो ती जहाजांत भरून विलायतेस जाई आणि गाणे होऊन परत येई. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि गौहरजान प्रभृतींचे गाणे मेणावर उतरवून घेऊन गेला. तबकड्या छापल्या गेल्या जर्मनीतील हॅनोव्हर शहरी. गाणे संपताच गौहरजान आपले नाव इंग्रजीत मोठ्याने सांगते, ते हॅनोव्हरच्या कारागिरांना कोणाचे गाणे ते कळावे म्हणून, असे सांगतात. कलकत्त्यास सियालदह येथे कारखाना निघाला तो १९०८ मध्ये. १९२५ च्या सुमारास विजेने ध्वनिमुद्रण होऊ लागेपर्यंत गायकास एका कर्ण्यात तोंड घालून जवळजवळ ओरडावेच लागे. आणि एवढे सायास करून दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर मावत काय, तर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे! बाजू संपली की पोलादी सुई बदलावयाची, चावी द्यावयाची आणि पुन्हा तीन मिनिटे.

बैठकीत तासभर रंगणारा राग तीन मिनिटांत कोंबणे म्हणजे त्याची विटंबना, असे त्या काळी पुष्कळ जाणत्यांचे मत होते, आणि ते सर्वस्वी खोटे म्हणता येणार नाही. परंतु आमच्या शनिवारच्या पाळीत या तीन मिनिटांचा एक निराळाच गुण मला आढळून आला. दुसऱ्याच्या आवडीचे, आपणांस न रुचणारे गाणे माणूस किती वेळ निमूटपणे ऐकून घेऊ शकतो? तासभर खासच नाही. तीन मिनिटे मात्र कोणीही ऐकू शकतो. दादाला ख्याल नकोसा होतो, ताईला जुन्या नाटकातल्या विनोदी नकलांची चीड आहे, आणि मुलीला बालगंधर्वांचे पहिले पद ‘फारच हळूबाई’ वाटले. तथापि प्रत्येकाला ठाऊक असे की आता सुई कडेपासून निघून मधल्या लेबलापर्यंत पोचेल, आणि मग आपली पाळी. अशा रीतीने आठ-दहा शनिवारांत आम्ही एकमेकांच्या आवडी जितक्या जाणल्या तितक्या पन्नास वर्षांत जाणल्या नव्हत्या. दादासारखा रोखठोक हिशेबी मनुष्य हिराबाई बडोदेकरांची एक तबकडी तीन शनिवार लागोपाठ निवडतो, हे पाहून वहिनींनाही आश्चर्य वाटले. का, असे विचारण्यास नियमाने बंदी होती. त्यामुळे ते आजपर्यंत कोणी विचारलेले नाही.

घरातले हे ऐकणे सर्वथा सुखाचे होते असे मात्र मी म्हणणार नाही. दादाचा मुलगा दुसऱ्याच शनिवारी भिंतीला टेकून झोपी गेला. चौथ्या शनिवारी त्याने सरळ सांगितले की यांतली निम्मी गाणी त्याच्या खिशातल्या फोनवर आहेत, आणि खरखर काढून टाकलेली आहेत. त्याचे म्हणणे खरे होते. जुन्या तबकड्यांचा पुष्कळ भाग हौशी लोकांनी आता इंटरनेटवर चढविला आहे, आणि वस्तूचे रक्षण एवढाच प्रश्न असता तर आमच्या खोलीचे प्रयोजन केव्हाच संपले असते. मी त्याला उत्तर दिले नाही. एका मनुष्याच्या आवडीपायी दुसऱ्यांनी सक्तीने बसावे हा जुलूम आमच्या घरात पूर्वी एकदा होऊन गेलेला होता. त्याची दुसरी आवृत्ती काढण्याचा अधिकार मला नव्हता. पुढल्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढल्या शनिवारी आला, ते फोनवर न सापडलेल्या तबकड्यांची एक यादी घेऊन.

बाबांची मात्र एक वही होती. तीत प्रत्येक तबकडीचा अनुक्रम, मिळाल्याची तारीख, ठिकाण, आणि एका ओळीत अभिप्राय. किंमत कोठेही नोंदलेली नाही. आरंभीची खरेदी नागपूरच्या दुकानांतून झालेली. पुढे १९७० च्या सुमारास लाखेच्या तबकड्या निघावयाच्या थांबल्या आणि लोकांनी घरातली जुनी यंत्रे मोडीत काढली, तेव्हा अमरावतीच्या इतवारा बाजारात भंगारवाल्यांकडे त्या ढिगांनी पडू लागल्या. वहीची ती पाने सर्वांत दाट आहेत. अखेरच्या पानावर ‘न मिळालेल्या’ असे शीर्षक आहे. पहिले नाव भास्करबुवा बखले यांचे, आणि त्यावर एकच आडवी रेघ. बुवा १९२२ साली वारले. त्यांचे गाणे तबकडीवर उतरलेच नाही. ही रेघ बाबांनी कोणत्या वर्षी मारली असेल, याचा मी पुष्कळ वेळ विचार केला. गंमत अशी की त्याच वहीत बालगंधर्वांच्या आणि मास्तर कृष्णरावांच्या तबकड्यांची पाने भरलेली आहेत, आणि ते दोघेही भास्करबुवांचे शिष्य. म्हणजे ज्यांचा स्वर संग्रहात नाही म्हणून हळहळ, त्यांचीच विद्या दोन कंठांतून त्या खोलीत रोज घुमत होती. ती तेथे आली ती कोणी जपून ठेवली म्हणून आलेली नाही. बुवांनी ती समोर बसवून दिली, म्हणून आली.

वहीत किंमत नाही असे वर म्हटले. ती नोंद दुसरीकडे होती, हे आम्हांस सहाव्या की सातव्या शनिवारी कळले.

आई त्या खोलीत येऊन बसत असे, पण आपली पाळी दुसऱ्यास देऊन टाकी. तिचे वय आता शहाऐंशी आहे. ऐकू उत्तम येते. त्या दिवशी ताईने अब्दुल करीम खाँसाहेबांची एक तबकडी काढली. गाणे संपल्यावर सर्वजण क्षणभर स्तब्ध होते, तोच आई अगदी सहज म्हणाली, ‘ही आणली त्या वर्षी तुझी फी भरायची राहिली होती.’ कोणी काही बोलले नाही. मग मुलीने, थोडे भीतभीतच, शेजारची तबकडी उचलून तिच्यापुढे धरली. ‘ही पावसाळ्यातली. छत गळत होतं.’ आणखी एक. ‘ही बारा तबकड्यांसोबत आली. त्या वर्षी माझ्या पाटल्या मोडल्या होत्या, त्या पुन्हा झाल्या नाहीत.’ आवाजात तक्रार नव्हती. एखादा कारकून जुनी खतावणी वाचून दाखवितो तशी ती बोलत होती. त्या सायंकाळी आम्ही गाणे ऐकले नाही. आईची वही ऐकली. तीत तबकडी घरात आली त्या महिन्यात काय आले नाही, याची नोंद होती. आणि मला आठवले की आमच्या घरातला पहिला कूलर त्या खोलीत बसला होता. वऱ्हाडातल्या मे महिन्याच्या उन्हात लाख मऊ पडते आणि तबकडी वाकडी होते, म्हणून. स्वयंपाकघरात कूलर आला तो त्यानंतर नऊ वर्षांनी. चुलीपाशी बसणारे मनुष्य वाकडे होत नाही, असा समज असावा.

येथे खरा प्रश्न उभा राहतो, आणि तो आमच्या घरापुरता नाही. जे लोक एखाद्या थोर वस्तूच्या छंदात आयुष्य घालवितात त्यांचा भार बहुधा दुसरेच कोणी वाहत असते. बाबांनी भंगाराच्या ढिगातून जे उचलले ते त्यांनी न उचलते तर आज नसते, हे निर्विवाद आहे. त्यांनी नेकीने संसार केला असता, छत वेळेवर शाकारले असते, पाटल्या पुन्हा केल्या असत्या, तर कित्येक गायकांचे सूर अमरावतीच्या एखाद्या उकिरड्यावर चुरा होऊन गेले असते. परक्यांवर आणि पुढच्या पिढ्यांवर केलेला उपकार हा जवळच्यांवर केलेल्या अन्यायाची भरपाई होऊ शकतो काय?

वलगावात राहणाऱ्याने हा प्रश्न विचारावा आणि त्याला गाडगेबाबांची आठवण होऊ नये, हे शक्य नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांना अमरावतीस नेत असता आमच्याच गावाजवळ, पेढीच्या पुलापाशी, त्यांचा देह पडला. १९०५ साली घरदार सोडून ते बाहेर पडले तेव्हा मागे पत्नी आणि मुले होती. त्यांनी काय सोसले याचा हिशेब आपण मागत नाही. मागणे आपणांस अप्रशस्त वाटते. ज्याने लोकांकडून आलेल्या पैशातून धर्मशाळा बांधल्या आणि स्वतःजवळ एक फुटके गाडगे व काठी याखेरीज काही ठेवले नाही, त्याच्या संसाराची खतावणी तपासणारे आपण कोण? माझे वडील संत नव्हते, आणि त्यांना संतांच्या मापाने मोजणे दोघांवरही अन्याय होईल. परंतु या तुलनेने मला एक भेद स्पष्ट दिसला. बाबांच्या वयाच्या वलगावकरांपैकी ज्यांनी गाडगे महाराजांचे कीर्तन ऐकले होते ते सांगत की तेथे मुकाट बसण्याची सोयच नव्हती. महाराज श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर आल्याखेरीज पुढे जात नसत. त्यांच्या अखेरच्या दिवसांतल्या एका कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आज ऐकावयास मिळते. तेही एका माणसाचे नाही, त्यात सारा समुदाय बोलतो आहे. आमच्या खोलीत मात्र न बोलण्याची अट होती.

जपणे आणि कोंडणे यांतली सीमा आपल्या संगीताच्या इतिहासात नेहमीच पुसट राहिली आहे. आपल्या घराण्याच्या चिजा परक्या कानी पडू नयेत म्हणून जपणारे उस्ताद, आणि लेकीच्या लग्नात जावयास चिजा आंदण देणारे उस्ताद, यांच्या गोष्टी सर्वांनी ऐकल्या आहेत. त्या उस्तादांनी जपल्या नसत्या तर विष्णु नारायण भातखंडे यांना गोळा करण्यास काही उरतेच ना. आणि पंडित भातखंड्यांनी गावोगाव फिरून, आर्जवे करून त्या मिळविल्या व ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत मराठीतून छापून टाकल्या नसत्या, तर शाळकरी मुलांच्या ओठी त्या आल्या नसत्या. छापल्याने चिजेतला प्राण गेला, असेही म्हणणारे होते. असोत. तबकड्या जमविणाऱ्यांच्या जातीतही असे दोन वर्ग आहेत. १९९० साली मुंबईत संग्राहकांनी आपली एक संस्था काढली, जुन्या ध्वनिमुद्रिकांचे श्रवणाचे कार्यक्रम सुरू केले, आपल्याजवळ काय आहे हे छापून जगास सांगितले. बाबांना त्या संस्थेची माहिती होती. तिचा एक अंक त्यांच्या कपाटात सापडला. त्यांनी पत्र कधी लिहिले नाही.

म्हणून मी स्वतःशी एक सिद्धांत बांधला, आणि तो मला बराच समाधानकारक वाटला. बाबांचा दोष पैसे खर्चण्यात नव्हता, एकट्याने ऐकण्यात होता. त्यांनी आईला शेजारी बसवून ‘तू कोणती लावतेस?’ असे एकदा जरी विचारले असते तरी निम्मे ऋण फिटले असते. एके दिवशी दुपारी मी हे आईजवळ बोलून दाखविले. ती तांदूळ निवडीत होती. म्हणाली, ‘विचारलं असतं तरी पैसे गेलेच असते न बाप्पा.’ आणि थोड्या वेळाने, सूप खाली ठेवून, ‘आणि विचारलं असतं तर मी कोणती सांगणार होते? मला कुठं ठाऊक होतं आत काय काय आहे!’

सिद्धांत तेथेच बसला. मनुष्याचे जे हिरावले गेले ते काय होते हेच त्याला कळू न देणे, ही वंचना पैशाच्या वंचनेहून हलकी आहे की भारी? मला हे ठरविता आलेले नाही. भूक लागलेल्याला अन्न दिले नाही तर तो निदान उपाशी आहे हे जाणतो. आई पन्नास वर्षे त्या दाराबाहेरून ये-जा करीत होती, आणि आत आपले काही असू शकेल अशी तिला शंकाही आलेली नव्हती.

आत तिचे काही होते. ते मुलीला सापडले. अगदी खालच्या फळीवर, नकलांच्या आणि जाहिरातींच्या तबकड्यांजवळ, जी. एन. जोशी यांनी गाइलेली ‘शीळ’ ही ना. घ. देशपांडे यांची कविता होती. बाबांच्या वहीत तिच्यापुढे अभिप्राय नाही. ‘एकत्र ढिगातून’ एवढीच नोंद. भावगीताला ते गाण्यात गणत नसत. आता या तबकडीची हकीकत अशी की कवी आमच्या वऱ्हाडातल्या मेहकरचे, पेशाने वकील. गायक जन्माने खामगावचे, तेही वकिलीची परीक्षा दिलेले आणि पुढे ग्रामोफोन कंपनीतच मोठ्या हुद्द्यावर गेलेले. १९३० नंतरच्या दशकात ही तबकडी महाराष्ट्रभर वाजली, आणि मराठी भावगीताचा आरंभ पुष्कळ लोक तिच्यापासून धरतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या दोन तरुणांनी हे घडविले, याचा अभिमान आमच्या प्रांताने करावा तितका केलेला नाही, हे जाता जाता नमूद करतो.

आणि मेहकर हे आईचे माहेर. मुलीने नाव वाचताच आई म्हणाली, ‘हे तर आमच्याकडचे!’ मग तिने सांगितले की ती दहा वर्षांची असताना एका लग्नात, मांडवात खुर्चीवर ठेवलेल्या कर्ण्यातून, हे गाणे तिने ऐकले होते. चावी देणाऱ्या पोराने तिला एकदा चावी फिरवू दिली होती. त्यानंतर ते गाणे तिच्या कानी पडले असेल-नसेल. लग्न होऊन ती वलगावी आली. तबकडी केव्हा आली ते वहीवरून समजते: १९७२ साली. म्हणजे पन्नास वर्षांहून अधिक काळ ते गाणे तिच्यापासून दहा हातांवर, एका भिंतीपलीकडे, उभे होते.

१९७७ साली अमेरिकेने दोन ‘व्हॉयेजर’ याने आकाशात सोडली, त्यांवर पृथ्वीवरच्या संगीताची एक सोनेरी तबकडी आहे. आणि तीत आपल्याकडील एकच गाणे आहे, केसरबाई केरकरांची भैरवी. याने सुटली त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केसरबाई वारल्या. ते ध्वनिमुद्रण मिळविण्यासाठी निवड करणाऱ्यांनी बरीच धावपळ केली, आणि अखेर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात, ते सापडले असे त्यांनी लिहून ठेवले आहे. आज ती तबकडी सूर्यमालेतल्या सर्व ग्रहांच्याही पलीकडे, जेथे ऐकणारा कोणी असण्याचा संभव जवळजवळ शून्य, अशा ठिकाणी सुरक्षित आहे. इतकी सुरक्षित तबकडी दुसरी नसेल. बाबांनी या वार्तेचे कात्रण वहीत चिकटविले होते. त्या कात्रणाकडे पाहताना मला पूर्वी नवल वाटे. आता खालच्या फळीवरची ती जागा आठवते.

आई आता दर शनिवारी आपली पाळी घेते. ‘शीळ’ तिने पहिल्या दिवशी दोनदा लाविली, तेव्हा नियमभंग म्हणून दादाने हरकत घेतली आणि ती मतांनी फेटाळली गेली. पुढल्या वेळी तिने नातीच्या साहाय्याने फळीवरून भलतीच एक तबकडी काढली, ऐकली, आणि ‘हे काही बरे नाही’ असा निवाडा दिला. तिच्यासाठी वहीत एक नवा रकाना आखला आहे. त्यात आजवर बासष्ट अभिप्राय झाले. कित्येक ठिकाणी बाबांनी ‘अपूर्व’ लिहिले आहे त्याच ओळीत तिने ‘रडका’ असे लिहवून घेतले आहे. तिला आवडलेल्या तबकड्यांपैकी काही व्यापाऱ्याने ‘पोत्यात भरा’ म्हटलेल्यांत होत्या.

वाटणी अजून झालेली नाही. दादाचे म्हणणे असे की घराच्या मागल्या भिंतीचे काम निघाले आहे, आणि ती शंभरसव्वाशे विकली तर ते भागेल; त्याचे म्हणणे अवाजवी नाही. ताईला सर्व संग्रह एखाद्या ग्रंथालयास द्यावा असे वाटते. मला काय वाटते हे दर शनिवारी बदलते. या तिढ्यात आईचा चौथा हिस्सा आहे, याची आठवण तिला करून देण्यात आली. ती म्हणाली, ‘आधी ऐकून तर होऊ द्या.’ मुलीने हिशेब केला: दर शनिवारी सहा तबकड्या, दोन्ही बाजू, तर उरलेल्या ऐकण्यास आणखी तीन वर्षे पुरतील. आईने तो हिशेब ऐकून घेतला आणि डबीतून नवी सुई काढली. तिची बोटे आता थरथरतात, त्यामुळे सुई बसविण्यास वेळ लागतो. कोणी मदतीस हात पुढे केला तर तिला खपत नाही.